बुचातला सूर

कितिओने मास्तरांनी काठी आपटली नाही, ते ओरडलेही नाहीत. नुसता डावा हात वर केला आणि चर्चचा अख्खा बँड गप्प झाला. ट्रॉम्बोनवाले सगळ्यांच्या शेवटी, कारण त्यांना जगातली कुठलीही गोष्ट उशिराच कळते. मास्तर हात पाठीशी बांधून पहिल्या रांगेपाशी आले आणि तोआकासेसमोर उभे राहिले. "ते कडवं परत घे. तू एकटी." तोआकासेने, जिला घरात आणि चर्चमध्ये सगळे कासेच म्हणतात, कॉर्नेट, ट्रम्पेटचं ते आखूड भावंड, उचलला आणि स्तोत्राचं तिसरं कडवं वाजवलं. तेच कडवं, जे महिनाअखेरच्या महासभेत, ऑकलंडमधल्या झाडून सगळ्या टोंगन मंडळींसमोर, बाकीचा बँड मांडीवर वाद्यं ठेवून बसलेला असताना ती एकटी वाजवणार होती. बोटं तुपात घातल्यासारखी फिरली. "आता सगळे," मास्तर म्हणाले, आणि तिच्या शेवटच्या लांब सुराला बाकीचा बँड येऊन मिळाला तेव्हा तो मिळालाच नाही. तो वर होता. ती खाली होती. अंधारात पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि तिथे पायरीच नसावी तसं झालं. "उतरलीयस," मास्तर म्हणाले. "एखादा सूर नाही. कडवंच्या कडवं उतरलंय." मग शेजारच्या खुर्चीकडे बघत, जणू हवापाण्याचं बोलावं तसं, "शनिवारी सकाळी दोघींना ऐकतो. तुला आणि एलेनोआला. महासभेला कोण वाजवणार ते तेव्हा सांगेन."

कासेच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मास्तर म्हातारे झाले. त्यानंतर आलं, की अख्खा बँडच चढलाय. एवढी सगळी माणसं एकदम चढू शकतात का? या माणसांकडून काहीही होऊ शकतं. तो युफोनियमवाला, जो प्रत्येक स्तोत्राच्या मधल्या भागात डोळे मिटतो आणि भक्ती करतोय असं दाखवून सरळ झोपतो. ती टेनर हॉर्नवाली बाई, वाजवताना जिच्या भुवया इतक्या वर जातात की सूर त्यांच्या मागोमाग चढत असणार. आणि ड्रमवाला, ज्याच्या तोंडात च्युइंगम असतो आणि डोक्यातही तोच. कासेला वर्षभर हा एक चाळाच लागला होता. दोन सुरांमधल्या रिकाम्या मोजणीत बसल्या बसल्या कान टवकारायचे आणि मनातल्या मनात एकेकाला नापास करत जायचं. ती सोळा वर्षांची होती, गेल्या महिन्यातच मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आली होती, आणि तिला अगदी आतून खात्री होती की या हॉलमध्ये कान फक्त दोघांना आहेत, एक मास्तरांना आणि एक तिला. आता त्यातला एक कान तिच्या समोर येऊन सांगून गेला होता. कोणाला लाज वाटावी हे क्षणभर तिला ठरवताच येईना.

"मला तर कधीच कळलं होतं," एलेनोआ कॉर्नेट पुसत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"अगं, मला वाटलं तुला माहीत असेल. तुला सगळंच माहीत असतं ना."

एलेनोआ हसली. तिचं हसणं गोड आहे असं चर्चमधल्या सगळ्या बायका म्हणतात. चर्चमधल्या बायकांना नारळाच्या दुधात बुडवलेली कुठलीही गोष्ट गोड लागते. एलेनोआ म्हणजे कासेची आतेबहीण, वयाने वर्षभर मोठी, वाजवण्यात बैल. आवाज मोठा, मान जाड, आणि कठीण जागा आली की खटके दाबायचे ते मनाला येईल तसे. अवघड ओळ तिला कधी नीट आली नाही. म्हणून तर ते कडवं मास्तरांनी कासेला दिलं होतं. पण लांब सूर धरायची वेळ आली की एलेनोआ तो धरायची आणि तो खांबासारखा उभा राहायचा. कासेने आजवर यालाही नाकच मुरडलं होतं. खांब काय, कोणीही उभा करतं.

व्हॅनमध्ये बाबा गाडी चालवत होते, आई पुढे बसली होती आणि तिच्या मांडीवर हॉलमधून आणलेल्या उरलेल्या उकडलेल्या तारो कंदाचा डबा होता. "मास्तर काय म्हणत होते?" आईने न वळता विचारलं. "काही नाही." "काही नाही म्हणायला माणूस एवढा वेळ समोर उभा राहतो?" कासेने सांगून टाकलं. बाबांनी आलेलं वळण घेतलं आणि म्हणाले, "एलेनोआ चांगलं वाजवते." बस्स. यात मत असं काहीच नव्हतं. बहिणीच्या पोरीचं नाव निघालं की बाबांच्या तोंडून जे निघतं ते हेच. बाबा मोसेसे, सहा फूट उंच, दिवसभर सिमेंटच्या फरशा ओततात, भर रस्त्यात कोणी वाकडं बोललं तर गाडीतून उतरायला मागेपुढे पाहत नाहीत. आणि वासिती आत्या घरात शिरली की सोफ्यावरून उठून जमिनीवर बसतात, तिच्यापेक्षा डोकं वर राहू नये म्हणून. कासे लहान होती तेव्हा तिला वाटायचं बाबांचं काहीतरी खाली पडलंय आणि ते शोधतायत.

टोंगन घरात बापाची बहीण सगळ्यांच्या वर, आत्याने मागितलं की ते आत्याचं. भोजनाला अख्खं डुक्कर आलं की पाठीचा तुकडा आधी तिला. आईने पै-पै साठवून घेतलेले निळे पडदे तिला आवडले, त्याच संध्याकाळी ते तिच्या खिडकीला होते. आणि आत्याचा मान तिच्या पोरीला उतरतो. एका नाताळात एलेनोआने कासेच्या पायातले नवे बूट बघितले, "मला होतील हे," म्हणाली, आणि कासे अनवाणी चर्चला गेली. कोणी एक शब्द बोललं नाही. आई बोलली नाही, बाबा तर नाहीच. शाळेत पालांगी मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या गोऱ्या पोरी डोळे मोठे करून म्हणाल्या, "हे तर चूक आहे!" आणि कासेला आत्याचा आला नसेल एवढा राग त्यांचा आला. चूक की बरोबर हे ठरवायला यांना कोणी बोलावलं होतं? आत्याचा तिरस्कार करायचा हक्क घरच्या माणसांचा आहे. बाहेरच्यांनी रांगेत यावं.

घर म्हणजे सरकारी जोडघर, मांगेरेतल्या त्या रस्त्यावर सगळीच तशी आहेत. मध्ये एक भिंत, अलीकडे हे, पलीकडे आत्या. भिंत इतकी पातळ की आत्या चहात साखर ढवळते ते ऐकू येतं. दोन वर्षांपूर्वी शाळेने कासेला कॉर्नेट घरी न्यायला दिला. त्या पहिल्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला, ती खोलीत उभी राहून सलग एक सूर वाजवत होती. नवशिकीचा फाटका, बेशरम, मोठा सूर, आणि तिला तो सोन्याचा वाटत होता. तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली. लाकडी पळीची टकटक. मग आत्याचा आवाज, मोठाही नाही, वरचाही नाही, फक्त ज्याला उत्तर नसतं असा: "मोसेसे, माझं डोकं." बाबांनी दारातून डोकावून कासेकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिथे विनंती होती. आपल्या बापाच्या तोंडावर विनंती बघणं ही किती ओंगळ गोष्ट आहे हे कासेला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. पुढच्या शनिवारी बाबा कुठून तरी बूच घेऊन आले. कॉर्नेटच्या भोंग्यात बसवायचं काळं, भोपळ्याच्या आकाराचं, कडेला कॉर्क लावलेलं. ते घुसवलं की वाद्यातून बाहेर येतो तो डासाचा आवाज. "हे बघ," बाबा खूश होऊन म्हणाले, "आता तू पाहिजे तेवढं वाजव. कोणालाच त्रास नाही."

कोणालाच नाही. आणि अलीकडे ती कपाटात, टांगलेल्या कोटांमध्ये आणि गुंडाळून ठेवलेल्या चटयांमध्ये मान घालून, बूच लावून वाजवत असताना पलीकडे एलेनोआ खिडकी उघडी टाकून बोंबलत असायची. त्याच वेळी. तेच स्तोत्र. तेव्हा आत्याचं डोकं कुठे जायचं कोण जाणे. बहुतेक चहा प्यायला. ही भिंत एकाच बाजूने पातळ होती. कासे ऐकायची, एलेनोआ कठीण ओळीवर अडखळली की बुचातल्या बुचात तीच ओळ झरझर वाजवायची आणि कोटांना हसून दाखवायची. कोट चांगले श्रोते होते. त्यांनी तिला कधी नापास केलं नाही. हळूहळू तिला ते कपाट आवडायला लागलं. तिथला डासाचा आवाज तिचा होता, नीटस, सारखा, काठोकाठ भरलेला. बाहेरच्या रानटी आवाजांपेक्षा किती सभ्य! बाकीचे वाजवतात, आपण जणू मनातल्या मनात वाचतो, असं तिला वाटायचं. आणि हेही, की एक दिवस हे बूच काढू तेव्हा सगळे बघतच राहतील. मागच्या रांगेत तिसऱ्या कॉर्नेटवर ती इतरांच्या आवाजाखाली दडून वाजवायची. बूच काढून ती एकटी नेमकं कसं वाजवते हे आजवर कोणी नीट ऐकलंच नव्हतं. तिनेही नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती कपाटात गेली, बूच लावलं आणि मोबाइलवरचं सूर मोजायचं ॲप उघडलं. काटा बरोबर मध्ये. बघा! तिने दुसरा सूर घेतला, मध्ये. तिसरा, मध्ये. तिला एवढा आनंद झाला की मास्तरांना काय काय सुनवायचं त्याची वाक्यं तयार होऊ लागली. मग कुठूनसा तिला प्रश्न पडला. फोन आणि कॉर्नेट घेऊन ती बाहेर उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये जाऊन बसली, काचा वर केल्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमध्ये बूच काढून तोच सूर अगदी हळू धरला. काटा डावीकडे पडला. तिने जोर लावला. काटा डावीकडेच. तिने बूच परत घातलं, मध्ये. काढलं, डावीकडे. ती कितीतरी वेळ घालत काढत बसली, दिव्याचं बटण सापडलेल्या पोरासारखी. बुचाने सूर चढतो. एवढंच होतं. हा काळा भोपळा प्रत्येक सुराला किंचित वर ढकलत होता, आणि तिचे ओठ, तिचे हुशार, कष्टाळू, आज्ञाधारक ओठ, तिला न विचारता दोन वर्षं त्याला परत खाली ओढत होते, रोज तासन् तास, बरोबर मध्ये येईपर्यंत. आता बूच नव्हतं तरी ते ओढतच होते. तिने जेवढा जास्त सराव केला तेवढी ती जास्त उतरली होती. एलेनोआने आळशीपणाने, खिडकी उघडी टाकून, बोंबलत बोंबलत जे कमावलं होतं ते हिने मेहनतीने घालवलं होतं. कासे हसायला लागली. हसता हसता तिने ते बूच व्हॅनच्या मागच्या टोकाला भिरकावलं आणि मग, ते शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल का म्हणून, दचकून गप्प झाली.

दचकण्याचा तिला जास्त राग आला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता कॉर्नेट घेऊन पुलाजवळच्या किनाऱ्यावर गेली. ओहोटी होती, लांबवर नुसता चिखल आणि त्यात पाय ओढत फिरणारे पक्षी. विमानतळ पलीकडेच असल्यामुळे इथे थोड्या थोड्या वेळाने विमान डोक्यावरून जातं, इतकं खालून की चाकं मोजावीत. तिची युक्ती साधी होती. विमान आलं की वाजवायचं. त्या गडगडाटात कोणाच्या बापाला ऐकू येणार? आणि खरोखर कोणाला ऐकू आलं नाही. तिलाही नाही. पहिल्या विमानाखाली तिने छाती फुटेपर्यंत सूर धरला, दुसऱ्याखाली अख्खं कडवं वाजवलं, तिसऱ्याच्या वेळी तिच्या लक्षात आलं की आपण विमानाला सूर ऐकवतोय आणि विमानाला काही फरक पडत नाहीये. तरी ती वाजवत राहिली, आणि चौथं विमान तिच्या अंदाजापेक्षा लवकर निघून गेलं. सूर मात्र तिच्या कॉर्नेटमधून तसाच बाहेर येत राहिला, उघड्यावर, चिखलावरून सरळ समोर, नागडा. मोठा होता. आणि वाईट होता. फळीला बाक आल्यासारखा तो मधोमध खचलेला होता, आणि तिने तो ओळखला. नापास करायच्या यादीत ती ज्या ज्या सुराला टाकायची त्यांच्याहून तो खालचा होता. कुत्र्याला फिरवणारी एक पालांगी म्हातारी थांबून म्हणाली, "किती सुंदर वाजवतेस गं पोरी!" कासेने तिच्याकडे असं बघितलं की कुत्रं भुंकलं.

"सुंदर नाहीये," कासे म्हणाली. "उतरलंय."

"मला त्यातलं काही कळत नाही बाई."

"ते दिसतंच आहे."

म्हातारी गेली. कासेच्या मनात एक घाणेरडी गोष्ट हळूहळू वर येत होती. पुढची विमानं येत होती, जात होती, आणि विमान गेल्यावरच्या शांततेत ती कॉर्नेट ओठांपर्यंत नेऊन परत खाली आणत होती. इथे आत्या नव्हती. भिंत नव्हती. तरी तिचा हात थांबत होता. म्हणजे आत्याची पळी कधीचीच तिच्या आत येऊन बसली होती आणि ती स्वतःच भिंतीवर टकटक करत होती. एवढंच नाही. तिला ते बरं वाटत होतं. आत्याने गप्प केलं म्हणून ती दोन वर्षं आत्याला शिव्या घालत होती, आणि त्याच दोन वर्षांत गप्प राहण्याच्या आडोशाला बसून स्वतःला वाखाणत होती. ज्याला कोणी ऐकत नाही तो कधी चुकत नाही. तिने स्वतःकडे, ट्रॉम्बोनवाल्यांकडे बघते तसंच, जरा वरून बघितलं. ट्रॉम्बोनवाले निदान चारचौघांत चुकत होते.

घरी आल्यावर ती कपाटात गेली नाही. खोलीत, भिंतीकडे तोंड करून, उभी राहिली आणि भोंगा उघडा ठेवून एक सूर धरला. आई स्वयंपाकघरातून "कासे!" म्हणाली. दुसरा सूर. पळी आली, टक टक टक. तिसरा. पळी थांबली, आणि पळी थांबण्याचा अर्थ आत्या उठली. पलीकडचं दार वाजलं, मग अलीकडचं. बाबा सोफ्यावरून जमिनीवर आले. वासिती आत्या दारात उभी राहिली, खोलीचं दार पूर्ण भरून, खांद्यावर टॉवेल, हातात पळी तशीच.

"काय चाललंय?"

"सराव, आत्या."

"बूच कुठाय?"

"काढलं."

"माझं डोकं फुटतंय आणि ही बूच काढते. मोसेसे, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय ताई," बाबा जमिनीवरून म्हणाले.

कासेने बापाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती विनंती परत दिसली असती. "आत्या, एलेनोआ वाजवते तेव्हा नाही दुखत डोकं?" स्वयंपाकघरात आईने गॅस बंद केला. आत्याने हा प्रश्न विचार करण्याच्या लायकीचा आहे की नाही ते ठरवायला थोडा वेळ घेतला. "दुखतं ना," ती म्हणाली. "पण ते सुरात दुखतं. तुझं ऐकलं की डोकं दुखतं आणि शिवाय दातही आंबतात."

कासे तडक वळली. ती व्हॅनकडे गेली, गोण्यांमागून बूच शोधून आणलं, फुंकून धूळ उडवली, आणि मानाची चटई भेट देताना धरतात तसं दोन्ही हातांवर धरून, गुडघे वाकवून, आत्यासमोर उभी राहिली. "घ्या, आत्या. घरातलं चांगलं ते आधी तुमचं. हे तुमच्यासाठीच आणलं होतं." यातली खोच आत्याला कळली. बाबांनाही कळली असणार, त्यांची मान आणखी खाली गेली. पण वासिती आत्याला उभ्या आयुष्यात कोणी काही दिलं आणि तिने ते घेतलं नाही असं झालं नव्हतं. ती घेतलेल्या गोष्टींवरच जगत आली होती. तिने बूच घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, काखेत मारलं, आणि घरी जायच्या ऐवजी खुर्ची ओढून बसली. "हं. आता वाजव. बघू तर किती दिवे लावतेस."

हे कासेच्या हिशेबात नव्हतं. तिने ओठ टेकवले. सूर आला.

"खाली," आत्या म्हणाली.

परत.

"खाली. अजून खाली चाललीस. विहिरीत पडलीयेस का?"

परत. ओठ जुन्या सवयीने ओढत होते, ती त्यांना सोडायला सांगत होती आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं. आत्याला तारोचे तुकडे आणून द्यायला आई येऊन गेली. आत्या खाता खाता, वर न बघता, "खाली," म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी तिचं बरोबर होतं, हे सगळ्यात संतापजनक होतं. ही बाई, जिला पडदे आणि बूट आणि डुकराची पाठ यापलीकडे जगात काही दिसत नाही, तिला हे दिसत होतं. तरुणपणी ती चर्चच्या गाणाऱ्यांमध्ये उभी राहायची, असं कोणीतरी कधीतरी म्हणालं होतं. कासेने ते ऐकून सोडून दिलं होतं, कारण आत्याबद्दल काही चांगलं लक्षात ठेवायची तिला सवय नव्हती. बाहेर अंधारून आलं. ओठ सुजले. मग एकदा, का कोण जाणे, बहुतेक थकून, ओठांनी ओढायचं सोडलं आणि सूर आपला आपण वर येऊन उभा राहिला. खोली एकदम मोठी झाली. खिडकीची काच किंचित थरथरली.

आत्या चावायची थांबली.

"हां," ती म्हणाली. "सुरात आहे. घाण आहे, पण सुरात आहे." ती उठली, बूच काखेत, पळी हातात. "तरी त्या पहिल्या खुर्चीत एलेनोआच बसणार. माझी पोर आहे." जाताना जमिनीवर बसलेल्या भावाला म्हणाली, "मोसेसे, पोरगी उद्धट आहे तुझी."

"हो ताई," बाबा म्हणाले. पण दार लागल्यावर ते लगेच उठले नाहीत. तिथेच बसून भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "अजून वाजवणारेस?" कासेने मान हलवली. "वाजव मग," ते म्हणाले, आणि तसेच जमिनीवर ऐकत बसले.

शनिवारी सकाळी मास्तरांनी हॉलच्या टोकाला जाऊन दोघींकडे पाठ केली. हॉलमध्ये बँडवाले आधीच येऊन बसले होते. असली मजा कोण सोडतो? आधी एलेनोआने वाजवलं. कठीण ओळीवर तिने नेहमीसारखी माती खाल्ली, लांब सूर मात्र खांबासारखे उभे. मग कासे. पहिला सूर धरला तेव्हा तिला युफोनियमवाल्याचे डोळे उघडलेले दिसले. कठीण ओळ बोटांखालून निघून गेली. दुसरी ओळ ठीक. आणि मग सगळ्यात वरचा तो लांब सूर आला, ज्याच्या आधी कुठेही श्वास घ्यायला जागा नाही, आणि तिथे ती उतरण्याच्या भीतीने इतकी वर गेली की चढली. सगळ्यांना ऐकू गेलं. ड्रमवाल्यालाही. तो सूर हॉलच्या पत्र्याला जाऊन लागला आणि तिथून परत तिच्या अंगावर आला, मोठा, चुकलेला, आणि तिने तो सोडला नाही. शेवटपर्यंत धरला, धरता धरता खाली आणला, आणि संपता संपता तो जागेवर आला.

मास्तर वळले. "एलेनोआ," ते म्हणाले. मग कासेकडे बघून, "तू तिच्या शेजारी, दुसरी. पुढच्या वर्षी बघू." त्यांच्या आवाजात दया नव्हती, आणि तेवढ्यापुरता कासेला हा म्हातारा आवडला. एलेनोआ चर्चमधल्या बायकांसाठी राखून ठेवलेलं ते गोड हसली. कासेला रडू येतंय का ते तिने आत डोकावून बघितलं. येत होतं, पण घशाशी राग बसला होता, त्यामुळे त्याला वर यायला वाट नव्हती.

"सगळे," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासून." एकदम सगळा बँड उठल्यासारखा वाजला, ट्रॉम्बोनवाले किंचित उशिरा. कासेने दुसऱ्या कॉर्नेटची साधी, ओबडधोबड ओळ घेतली, जिच्यात दाखवायला काही नसतं, नुसतं सूर धरायचे असतात, आणि ते धरले. आपण कुठे संपतो आणि बँड कुठे सुरू होतो हे तिला पहिल्यांदाच लख्ख ऐकू येत होतं. आपलं टोक दिसत होतं. कडव्याच्या मध्ये श्वास घ्यायला थांबले तेव्हा एलेनोआ न वळता, ओठांच्या कडेने कुजबुजली, "हळू वाजव ना गं जरा. तुझ्यामुळे मला माझंच ऐकू येत नाहीये."

आतेबहिणीने सांगितलं की ऐकायचं असतं. ते कासेला कोणी शिकवलं नव्हतं, बूट पायातून निघाले तेव्हाच ते अंगात शिरलं होतं. तिने मास्तरांच्या हाताकडे बघितलं, तो वर जात होता. तिने आवाज वाढवला नाही. तेवढी नीच ती नव्हती. तिने पोटाच्या तळापासून श्वास घेतला, कॉर्नेट ओठांना लावता लावता एलेनोआकडे बघितलं आणि म्हणाली,

"मग खुर्ची सरकव तिकडे."